चव्वेचाळीस इंची टायर

बाबांनी जीपला नवे टायर घालायचं ठरवलं तेव्हा मला आनंद झाला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे आनंदाचा भाग फारसा नाही.

आई सप्टेंबरात गेली. मी दक्षिणेतून, सेल्फॉसहून, दोन आठवड्यांची रजा काढून फ्योर्डवर, डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या काठी, आमच्या घरी आले. आईला निरोप द्यायचा, घर आवरायचं आणि बाबांना सोबत घेऊन परतायचं, एवढाच बेत होता. माझ्या घरापासून दोन रस्ते सोडून एक वृद्धनिवास आहे, तिथे त्यांच्यासाठी खोली मिळाली होती. बाबांनी ऐंशी ओलांडलेली. दफनानंतरच्याच आठवड्यात ते दोनदा स्टोव्ह पेटता ठेवून मेंढवाड्याकडे निघून गेले. मेंढ्या केव्हाच शेजारच्या केतिलला देऊन झाल्या होत्या. रिकाम्या मेंढवाड्यात ते काय बघायचे, देव जाणे. पण त्यांना एकटं सोडून जाणं आता शक्य नव्हतं.

"येतो," बाबा म्हणाले. "पण माझ्या गाडीतून."

"केतिल सोडेल ना आपल्याला. त्यानंच मला विमानतळावरून आणलं."

"माणूस दुसऱ्याच्या गाडीतून घराबाहेर एकदाच जातो, दीसा. आणि तेव्हा तो आडवा असतो."

माझं नाव थोर्दीस. दीसा म्हणणारे आता एकटे तेच उरलेत. त्यांच्या तोंडून ते नाव आलं की मी आठ वर्षांची होते आणि माझं काही चालत नाही.

जीप माझ्या लग्नाच्या आधीची, आणि लग्न मोडल्यावरही टिकलेली. तिचे टायर मात्र गुळगुळीत झाले होते. बरे टायर शोधतोय तोवर पठारावर बर्फ पडलं. आमच्याकडे यायला तोच एक रस्ता, पठारावरून. एकदा तो बुजला की वसंतापर्यंत कोणी साफ करत नाही. मोठ्या टायरांच्या जीपखेरीज तिथून काही हलत नाही. नोव्हेंबरात सूर्यही डोंगरामागे गेला. जानेवारीच्या अखेरीपर्यंत तो आमच्या घरावर येत नाही, दुपारी फक्त समोरच्या शिखराला थोडा पिवळेपणा येतो. दिवसभर स्वयंपाकघरात दिवा, तोच रेडिओ, तेच दोन कप. खिडकीशी उभी राहिले की माझा श्वास अडायचा. मी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण करणारी बाई, मला गोंगाटाची सवय. मुख्याध्यापिकेचा फोन आला, "फेब्रुवारीपर्यंत तुझी जागा राखते, थोर्दीस. त्यापुढे माझ्या हातात काही नाही." पन्नाशीच्या बाईला दुसरी नोकरी कोण देणार होतं? फेब्रुवारीच्या आत मला इथून सुटायचं होतं, आणि माझ्या सुटकेची किल्ली त्या जीपच्या चाकांत होती.

टायर कोणते घ्यायचे यावर आमच्या टेबलाशी जी परिषद बसली, तशी संसदेतही बसत नसेल. केतिल आला होता. फ्योर्डपलीकडे त्याचं गॅरेज आहे. माझ्याच वयाचा, एकटा, आणि आमच्या लोण्याचा शत्रू. सुक्या माशाच्या एकेका तुकड्यावर बोटभर लोणी लावत त्याने मत दिलं.

"पस्तीस इंची घ्या. खिळेवाले. शांतपणे गेलात तर पुरे होतील."

"अडतीस," बाबा म्हणाले. "पठारावर अडतीसच्या खाली जाऊ नये."

"आणि बर्फ मऊ असलं तर?" मी विचारलं. "अडतीसवाले अडकतात की नाही? खरं सांगा."

"कधीतरी अडकतात," केतिल म्हणाला. "मग फावडं असतंच की."

"मला फावडं नको. सगळ्यात मोठे कोणते?"

"चव्वेचाळीस. ते लावलेस तर पाण्यावरसुद्धा चालशील. पण बाई, त्यासाठी गाडी उचलावी लागेल, पत्रा कापावा लागेल, गिअर बदलावे लागतील. नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

"होऊ दे जड. मला एकदाच जायचंय आणि पोचायचंय."

मग आम्ही दोघांनी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ते आता खवळणार. टायर हा त्यांचा प्रांत, तिथे आईचीही कधी डाळ शिजली नव्हती. पण त्यांनी कॉफीत खडीसाखर बुडवली, ती चोखली आणि म्हणाले, "दीसाला चव्वेचाळीस हवेत ना? चव्वेचाळीस आणू."

इतक्या सहज माझं ऐकलेलं पाहून मी खूश झाले. मूर्खच मी.

टायर बोटीने आले. केतिलने त्याचे आधीच वापरलेले रुंद रिम दिले आणि शेडमध्ये जीप ठोकळ्यांवर चढली. ती शेड बाबांनी स्वतःच्या हाताने बांधलेली, काँक्रीटची, समुद्राच्या वाऱ्यात इंचभर न हलणारी. डिसेंबरभर आम्ही तिथेच होतो. स्प्रिंगा बदलल्या, चाकांवरचा पत्रा कापला, त्यावर रुंद झाकणं बोल्टांनी बसवली. ठिणग्या उडायच्या आणि बाबा ओरडायचे, "हळू! ब्रेड कापतेयस का?" खोटं कशाला बोलू, तो महिना वाईट नव्हता. बाबा स्टोव्ह विसरायचे, पण पाना कुठे ठेवलाय ते विसरत नव्हते. रात्री हातांना ग्रीसचा वास यायचा आणि मला झोप लागायची. फक्त मधूनच कॅलेंडर दिसलं की मी फेब्रुवारीपर्यंतचे दिवस मोजायचे.

वर्षअखेरीला किनाऱ्यावर होळी पेटवायची आमची रीत आहे. वर्षभराची अडगळ त्यात जाते. त्या संध्याकाळी बाबांनी जीपचे जुने टायर एकेक करून स्वतः उतारावरून लोटत नेले. "अहो बाबा, टायर जाळायला बंदी आहे," मी म्हटलं. "मग पोलिसाला बोलाव. येईल वसंतात," ते म्हणाले. काळा धूर फ्योर्डभर पसरला. ते आगीकडे बघत उभे होते आणि मला वाटलं, चला, म्हातारा अखेर जायला तयार झाला.

सूर्य परत येतो त्या दिवशी आमच्याकडे उन्हाची कॉफी करतात. पातळ, साखर घातलेली धिरडी करायची, ऊन टेबलावर पडेपर्यंत थांबायचं आणि मगच कप भरायचा. बाबांचा शब्द होता, "उन्हाची कॉफी झाली की निघू." मी पहाटेपासून धिरडी घालत होते. केतिल त्याची जीप घेऊन आला होता, कारण पठारावर एकटी गाडी कोणी नेत नाही. ऊन आलं, लोण्याच्या भांड्यावर पडलं आणि बघता बघता गेलं. माझे डोळे भरून आले. मी कप तसाच ठेवला आणि म्हणाले, "चला."

बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तूच काढ बाहेर."

जीप ठोकळ्यांवरून उतरवलेली होती. काय दिसत होती! मी शिडी चढावी तशी आत चढले. इंजिन लगेच सुरू झालं. मी दाराच्या उजेडाकडे गाडी सोडली आणि दोन्ही बाजूंनी एकदम रबर घासल्याचा आवाज आला. गाडी थांबली. मी मागे घेतली, नीट मध्यावर आणली, पुन्हा पुढे. पुन्हा तोच आवाज. डावीकडे वीतभर जास्त, उजवीकडे वीतभर जास्त. नव्या टायरांवर आमची जीप शेडच्या दारापेक्षा रुंद झाली होती.

केतिलने आधी दोन्ही बाजू वाकून पाहिल्या. मग तो बर्फात बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "अगं, आपण शेडमध्ये व्हेल पोसला!"

मीही हसले असते. पण माझी नजर बाबांवर गेली. ते दाराकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते, कपबशी फोडलेल्या पोरासारखे.

हा माणूस पडद्याचा दांडा लावायचा तरी दोनदा मोजतो. आईच्या शवपेटीसाठी जिना मोजला होता त्याने, दफनाच्या आदल्या दिवशी.

मी खाली उतरले. "बाबा, या दाराची रुंदी किती?"

"दोन मीटर दहा," ते लगेच म्हणाले.

"आणि चव्वेचाळीसवर गाडी केवढी होते?"

त्यांनी उंबऱ्यावरचं बर्फ बुटाने बाजूला सारलं.

"तुम्हाला त्या दिवशीच माहीत होतं. टेबलाशी बसलो होतो तेव्हाच."

"दार मी बांधलंय, दीसा."

"मग बोलला का नाहीत? महिनाभर मला पत्रा कापायला लावलात! जुने टायर जाळलेत! माझी नोकरी चाललीय, मी इथं गुदमरतेय, दिसत नाही तुम्हाला?" माझा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. "मला कोंडून ठेवायचं होतं?"

"चव्वेचाळीस तूच मागितलेस," ते म्हणाले. मग टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मी फक्त नाही म्हणालो नाही. म्हटलं, हा एक हिवाळा तरी घरात कोणी असेल."

"राहा म्हणायचं होतंत!"

"राहिली असतीस?"

राहिले नसते, ते दोघांनाही ठाऊक होतं. राग इतका आला होता की जीपचं दार आपटावंसं वाटत होतं, आणि त्याच हातांनी त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावावंसंही वाटत होतं. मी दोन्ही केलं नाही. फावडं घेतलं आणि मेंढवाड्यामागे गेले.

टायर जळले होते, पण त्यांचे रिम कोणी जाळले नव्हते. ते तिथे बर्फाखाली पडलेले मला माहीत होते. मी खणून काढले आणि ओढत आणले. केतिलचं हसू आटोपलं होतं. आम्ही मोठी चाकं काढली, बोल्ट सोडून रुंद झाकणं काढली आणि जीप जुन्या नागड्या रिमांवर ठेवली. केतिलने अंगणातला आमचा जुना ट्रॅक्टर पुढे जोडून गाडी ओढली. लोखंड काँक्रीटवरून असं किंचाळत गेलं की फ्योर्डपलीकडचे पक्षी उडाले. पण गाडी बाहेर आली. मोठी चाकं आम्ही अंगणात चढवली. या सगळ्यात दुपार टळली.

बाबा घरात गेले होते. मला वाटलं, आता दाराला कडी लावून बसतील. पण ते आईची तपकिरी बॅग घेऊन बाहेर आले. शब्द म्हणजे शब्द. घराला कुलूप लावलं, ते नीट लागलंय का ते दोनदा ओढून पाहिलं आणि माझ्या शेजारी चढून बसले.

केतिलची गाडी पुढे, आमची मागे. पठारावर चढलो तसं बर्फ मऊ झालं आणि चाकं रुतायला लागली. बाबांनी हात वर केला. "थांब. हवा सोडायची."

ते काम त्यांनी मला करू दिलं नाही. एकेका चाकाशी गुडघे टेकून ते हवा सोडत राहिले. मापाकडे न बघता, फक्त टायरचं पोट किती सुटलंय ते बघून. रबर बर्फावर कणकेसारखं पसरलं. मी परत सुरू केली तेव्हा ती एवढी अवजड गाडी वरच्या वर, न रुतता चालायला लागली. मी सुटले होते. मला ओरडावंसं वाटत होतं, गावंसं वाटत होतं. खाली मागे आमचा फ्योर्ड होता, निळ्या सावलीत. बाबांनी मान वळवून तो एकदा पाहिला. मग समोर बघत, गुडघ्यांवरचं बर्फ झटकत, त्यांनी विचारलं,

"तिथल्या अंगणाचं फाटक केवढं आहे?"

"कुठल्या?"

"मी राहायचं तिथल्या. ही आत मावेल ना?"

मी खोलीचं भाडं विचारलं होतं. जेवणाच्या वेळा, औषधं, डॉक्टर, सगळं विचारलं होतं. फाटक मी दोनदा ओलांडलं होतं, नुसतंच.

"नाही मोजलं, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, रागावले नाहीत. नुसते बॅग मांडीवर घेऊन बसून राहिले.