दहाच्या घंटेचा तुंबा

नाल्यापलीकडे, खाली दोन कोसांवर, बुधरीची एकुलती एक लेक दीपिका नांदत होती. दोन कोस म्हणजे काही परदेश नव्हे. पण पावसाळ्याचे चार महिने डोंगरावरून कोसळणारा नाला मायलेकींना तोडून टाकायचा. यंदा श्रावणात दीपिकाचे दिवस भरणार होते. पहिलंच बाळंतपण, आणि माय अलीकडे! बुधरीच्या जिवाला घोर लागला होता.

म्हणून उन्हाळ्यात राजुऱ्याची इंजिनिअर दिव्या पुलाचं माप घ्यायला आली, तेव्हा बुधरी टेप धरून तिच्या मागेमागे फिरली. पुलाच्या जागेकडे पुरात कोणी फिरकत नसे, त्यामुळे पाणी कुठवर चढतं हे कोणालाच सांगता येईना. दिव्याने उतार मोजला, रुंदी मोजली. तळ जितका खडबडीत तितकं पाणी अडखळतं; त्या खडबडीचा आकडा तिने पुस्तकातल्या फोटोवरून उचलला. फोटो सपाटीवरच्या नाल्याचा आणि इथे म्हशीएवढे धोंडे! पुस्तकाचं काय जातं, ते कधी धोंड्यावर आपटलेलं नसतं.

"पाणी भरभर निघून जाते, बाई," दिव्या म्हणाली. "तुमच्या पोरीच्या गावाले पाऊण तासात. बुटका पूल पुरते. पावसाच्या आधी होऊन जाईल."

बुधरीला आनंदाने रडूच फुटलं. मग तो पाऊण तास तिला खटकला.

दर पावसाळ्यात ती वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात चारोळी भरायची, तोंड मेणाने बंद करायची आणि शाळेच्या दहाच्या घंटेला पुरात सोडायची. खाली दीपिका तिच्या गावच्या शाळेच्या बाराच्या घंटेला तो काढून घ्यायची. चार वर्षं हाच वेळ. पाऊण तास नव्हे, दोन तास.

बोलावं तर यंदाचा पूल हातचा जाणार. न बोलावं, तर त्याच पुलावर भरवसा ठेवून, लेकरू कडेवर घेऊन कोण येणार होतं? तिचीच पोर.

"मॅडम, पाणी इतकं पळत नाई जी," बुधरी म्हणाली, आणि तिने तुंब्याची हकिगत सांगितली.

दिव्याने गणित पुन्हा मांडलं. तिचा चेहरा उतरला. आठवडी बाजारात माणसं रेंगाळली की गल्ली गच्च भरते, तसंच पाण्याचं. सावकाश चाललं की उंच चढतं. बुटका पूल पहिल्याच मोठ्या पुरात बुडाला असता.

"उंच पूल लागन, बाई. मंग नवा नकाशा, नवी मंजुरी. यंदा नाई होत."

"नाई तर नाई. बुडणारा पूल मले नको."

घरी येऊन मात्र ती ओक्साबोक्शी रडली.

श्रावणात नाला दुथडी भरला. फोनला रेंज नाही. बाळ झालं का, पोर सुखरूप सुटली का, काहीच कळेना. पाणी निरोप खाली नेतं, वर आणत नाही. बुधरीने तुंब्यातून चारोळीसोबत धाडायला बाळाच्या कमरेचा काळा करदोडा वळला. तान्ह्या बाळाच्या मापाचा झालासुद्धा. पण पाणी उतरायला अजून तीन महिने होते. तिने गाठ सोडली, आपल्याला दिसेल तेव्हा बाळ केवढं झालं असेल याचा अंदाज घेतला, आणि दोरा चार बोटं वाढवला.

दहाची घंटा झाली.