मागल्या इंजिनाची शिट्टी

"पुढल्या इंजनाला हार लोकांनी वाहिले,
मागल्याचं बळ, बाई, माझ्या जिवानं पाहिले."

आई ही ओवी तांदूळ निवडताना म्हणायची. कर्जतच्या रेल्वे क्वार्टरच्या पायरीवर बसून, सूप मांडीवर घेऊन. आवाज जाडसर, जरासा बसलेला, पण ओवीच्या शेवटाला असा उचलला जायचा की सुपातले तांदूळही त्याबरोबर उडायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आज पेनसिल्व्हेनियातल्या डोंगररस्त्यावर गाडी चालवताना सुवर्णाला तो आवाज पुन्हा आठवला, कारण शेजारच्या सीटवर बाबा तीच चाल गुणगुणत होते आणि दुसऱ्या ओळीशी अडले होते.

"पुढे काय गं?"

"मागल्याचं बळ."

"हां. मागल्याचं बळ." एवढं म्हणून ते पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर डोंगर पिकल्या पानांनी तांबडे झाले होते.

ओवी बाबांवरच केलेली होती. बाबा, म्हणजे जगन्नाथ, बँकरवर ड्रायव्हर होते. घाट चढताना गाडीला मागून रेटणारं इंजिन म्हणजे बँकर. कर्जतला ते गाडीच्या शेपटाला लागायचं, घाटभर ढकलायचं आणि लोणावळ्याला सुटून रिकामं खाली यायचं. गाडी पुढे पुण्याला जायची. बाबांनी आयुष्यभर गाड्या पुण्याच्या वाटेला लावल्या, स्वतः ड्यूटीवर कधी पुण्याला पोचले नाहीत.

आणि त्यांची मुलगी इथे मालगाडीच्या नव्या डिझेल इंजिनाची केबिन डिझाइन करत होती. ड्रायव्हर कुठे बसणार, कुठला दांडा कुठल्या हाताला, कुठला दिवा कधी लागणार. दोन वर्षं झाली या कामाला. नवरा केदार आणि मुलगी गिरिजा टेक्सासला शुगर लँडमध्ये, ती इथे एका भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये. महिन्यातून एकदा विमान, बाकी फोन. आता मॉडेल प्रत्यक्ष रुळांवर चाचणीला उतरणार होतं आणि कंपनीनं ते काम तिलाच देऊ केलं होतं. म्हणजे आणखी दोन वर्षं इथेच. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. आज शनिवार.

ऑफिसात कुणालाच शंका नव्हती की ती हो म्हणणार. घरीही नव्हती. तिला मात्र सकाळी उठून बुटाची नाडी बांधायचाही कंटाळा येऊ लागला होता.

"तुझं ते इंजिन चालतं कसं, एकदा नीट सांग," बाबा म्हणाले. "डिझेलवर म्हणतेस, आणि वर मोटारी विजेच्या म्हणतेस."

"दोन्ही खरं. डिझेलचं इंजिन चाकाला हात लावत नाही, बाबा. ते फक्त वीज तयार करतं. ती वीज खाली प्रत्येक आसाच्या मोटरला जाते, आणि मोटर चाक फिरवते."

"म्हणजे एक रांधणार आणि दुसरे जेवून कामाला जाणार."

"तसंच."

"आम्हाला वीज वरून तारेतून मिळायची. आयतं ताट. तुमचं बिचारं गोगलगायीसारखं वीजघर पाठीवर घेऊन हिंडतं." ते हसले. "आणि उतारावर?"

"उतारावर मोटारीच उलट वीज करतात. त्यानं वेग रोखला जातो."

"ते आमच्याकडेही होतं. उतरताना केलेली वीज आम्ही तारेला परत द्यायचो. मग तीच वर चढणाऱ्या गाडीला मिळायची."

"इथे तारच नाही ना. टपावर मोठ्या जाळ्या असतात, त्या तापतात आणि पंखे ती उष्णता बाहेर फेकतात."

"एवढी सगळी? नुसती हवेत?"

"देणार कुणाला?" सुवर्णा म्हणाली, आणि तिचं तिलाच ते वाक्य लागलं. तिनं ब्लोअर उगाच वाढवला.

तेवढ्यात डॅशबोर्डवर केदारचा फोन वाजला. तिनं स्पीकरवर घेतला.

"निघालात का? ऑल राइट?"

"ऑल राइट," सुवर्णा म्हणाली.

"बाबा, ऑल राइट?"

"ऑल राइट!" बाबांनी हात वर केला, जणू हातात हिरवी झेंडी होती.

ही त्यांच्या घरातली रीत. स्टेशन सोडताना ड्रायव्हर आणि गार्ड गाडीच्या दोन टोकांवरून एकमेकांना झेंडी दाखवतात, ऑल राइट देतात, मगच गाडी वेग घेते. बाबांनी ते घरी आणलं. शाळेला निघताना ऑल राइट, बारावीच्या निकालाला ऑल राइट, विमानतळाच्या काचेपलीकडून ऑल राइट. केदार लग्नानंतर शिकला, गिरिजा तर बोलायला लागल्यापासूनच म्हणते. आई दवाखान्यातल्या खाटेवरूनही तेच म्हणाली होती.

"सुवर्णा, तू मंडेला हो कळवतेयस ना?" केदार म्हणाला. "इकडचं टेन्शन नको घेऊस यार. मी मॅनेज करतोय. काल भेंडीसुद्धा जमली."

मागून गिरिजा ओरडली, "इट वॉज बर्न्ट, आजोबा!"

"क्रिस्पी होती!" केदार म्हणाला. "बरं, हिच्या मॅचला पोचतोय आम्ही. बोलू नंतर."

फोन बंद झाला. बाबांनी मान वळवून मुलीकडे पाहिलं, आणि बघतच राहिले.

डोंगराला वळसा घालत रूळ घोड्याच्या नालेसारखे वळतात, ती जागा अल्टूना गावाच्या वर आहे. गाड्या बघायला माणसं तिथे मुद्दाम येतात, डबे घेऊन, खुर्च्या घेऊन. वर न्यायला दोरानं ओढली जाणारी एक छोटी गाडी आहे, ती आज बंद होती. पायऱ्या तेवढ्या उघड्या.

"जमेल बाबा?"

"घाटातला माणूस आहे मी."

कठड्याला धरून ते चढू लागले. सुवर्णा दोन पायऱ्या मागे. वाटेत ती आपल्या कामातला एक तिढा सांगत राहिली, काहीतरी बोलायचं म्हणून. केबिनमध्ये एक यंत्र असतं. ड्रायव्हरनं थोडा वेळ कशालाच हात लावला नाही, तर दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो. ड्रायव्हरनं बटण दाबलं की यंत्राचं समाधान होतं, माणूस जागा आहे. नाही दाबलं तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो.

"चांगलं आहे की."

"कुठलं चांगलं! ड्रायव्हर पेंगतो आणि हात आपोआप उठून बटण दाबतो. आम्ही नकली केबिनमध्ये बसवून बघितलं. डोळे मिटलेले, मान खाली, आणि बटण बरोबर वेळेवर. भोंगा वाजायच्याही आधी."

"मग?"

"मग काय, तेच सुटत नाहीये. असं कसं विचारायचं, की नुसता हात उत्तर देणार नाही."

बाबा थांबले होते. एक हात कठड्यावर, दुसरा गुडघ्यावर, आणि श्वास असा की सदऱ्याचं वरचं बटण हलत होतं.

"बाबा, तुम्ही..."

"ऑल राइट," ते म्हणाले. तिचा प्रश्न अजून तोंडातच होता.

सुवर्णा जागच्या जागी उभी राहिली. तिला तो हात दिसला, डोळे मिटलेल्या माणसाचा, बटणावर पडणारा.

"नाही, बाबा. असं नाही. गुडघ्याला काय झालंय ते सांगा."

ते तिथेच पायरीवर बसले. "गुडघा कर्जतपासूनच दुखतोय," ते म्हणाले. "विमानात तर पायच सरळ करता येईना. तुला म्हटलं नाही, तू आधीच किती ठिकाणी नाचतेस."

"मला सांगायचं ना."

"तू सांगतेस?"

ती त्यांच्याशेजारी बसली. खालून गार वारा येत होता.

"डब्यातला गूळ चोरून खायचीस लहानपणी, तेव्हाही तुझं तोंड असंच असायचं," बाबा म्हणाले. "मला इथे येऊन तीन आठवडे झाले. तू रोज भात लावतेस आणि उभ्यानं खातेस. टीव्ही लावतेस, बघत नाहीस. फोन आला की मात्र आवाज कसा खणखणीत."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं की. रोज विचारलं. तू झेंडी दाखवलीस."

खाली, दूरवर, भोंगा वाजला. बाबांचा चेहरा उजळला. दोघं उठून उरलेल्या पायऱ्या हळूहळू चढले, या वेळी तिच्या खांद्यावर हात टाकून.

मालगाडी आली ती चाकांच्या आवाजाच्या आधी जमिनीच्या थरथरीतून आली. पुढे दोन इंजिनं, काळा धूर अंगावर घेत, चढाला डोकं लावून. रुळांवर वाळू फवारत, चाकं घसरू नयेत म्हणून. मग डबे, डबे, डबे. नालेच्या एका टोकाला पुढची इंजिनं डोंगराआड गेली तरी दुसऱ्या टोकाकडून गाडी येतच होती. कठड्याशी उभ्या माणसांनी पुढच्या इंजिनांचे फोटो काढले आणि ती आपापल्या खुर्च्यांकडे वळली.

बाबा वळले नाहीत. ते शेपटाची वाट बघत होते.

आणि शेवटी ती आली. मागून लागलेली दोन जुनी इंजिनं, रंग उडालेली, पण पूर्ण जोरात. बाबांनी दोन्ही हात वर केले. खिडकीतल्या माणसानं बघितलं, आधी जरा गोंधळला, मग छोटासा भोंगा दिला.

"बघ, बघ! बँकर!" बाबा लहान पोरासारखे म्हणाले. डोळे भरून आले होते. "त्याला माहीत नाही मी कोण, तरी दिली शिट्टी."

"आता वर जाऊन सुटणार, आणि रिकामी खाली."

"हां." ते कठड्याला टेकले. "एक सांगू? लोक म्हणायचे, जगन्नाथ, मागे बसून तुला पुढचं काहीच दिसत नाही, तू जोर कधी लावतोस? मी म्हणायचो, पुढचा शिट्टी देतो. मी परत देतो. मग दोघं मिळून उचलतो. पुढच्यानं शिट्टीच दिली नाही, तर मी मागे कितीही मोठं इंजिन घेऊन उभा असेन, मला काय कळणार गाडी चढाला लागली ते?"

धूर पानांवर बसत होता. त्यांनी खिशातून शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा काढला, अर्धा तिला दिला.

सुवर्णानं चिक्की हातातच ठेवली आणि दुसऱ्या हातानं फोन काढला. दोन वर्षांत हे वाक्य तिनं कितीदा तयार केलं होतं. केदारची नोकरी, गिरिजाची शाळा, घराचे हप्ते, यांतलं काहीतरी दरवेळी आडवं आलं होतं. तिच्यापुढे दोनच वाटा आहेत असं सगळे धरून चालले होते, एकटीनं इंजिन न्यायचं किंवा सोडायचं. तिसरी वाट तिनं कुणाला दाखवलीच नव्हती.

मैदानाचा गलबला आला, शिट्ट्या, मुलींचं ओरडणं.

"बोल गं. पोचलात? ऑल राइट?"

जीभ उठली. सवयीनं, बरोबर वेळेवर. सुवर्णानं ती दातांत धरली.

"हॅलो? सुवर्णा?"

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही? बाबा ठीक आहेत ना?"

"बाबा ठीक आहेत. गुडघा दुखतोय, ते दाखवू. केदार, मी ऑल राइट नाहीये. खूप दिवस नाहीये."

पलीकडे तो गलबल्यापासून लांब चालत गेला असावा. आवाज कमी झाला.

"ऐकतोय मी," तो म्हणाला.

"मी दमलेय. इतकी, की घरी गेल्यावर दिवा न लावताच बसते. आणि मला हे इंजिन सोडायचं नाहीये. ते मी उभं केलंय, मला त्याला रुळावर धावताना बघायचंय. पण एकटीनं नाही. तू म्हणतोस मी मॅनेज करतो, आणि मी म्हणते मीपण, आणि आपण दोघंही..." तिचा श्वास लागला. शेजारी बाबा खाली रुळांकडे बघत उभे होते, जणू त्यांना काही ऐकूच येत नव्हतं. "तू इकडे ये, केदार. गिरिजाला घेऊन ये. कसं जमेल मला माहीत नाही. तुझी नोकरी, तिची शाळा, सगळं माहितीये. तरी म्हणतेय. हे मला पहिल्या दिवशी विमानतळावरच म्हणायचं होतं."