भुऱ्याचं घर, भुऱ्याची कोठडी

एकोणीसशे एकाहत्तर साली माझा जन्म झाला. मी एक जुना लाकडी पिंजरा आहे, मित्रांनो. एका बुकबाइंडरने लेकीच्या सशासाठी खोक्याच्या फळ्या जोडून मला बनवलं. तळाशी गवत अंथरलं, दाराला कडी लावली. ससा भुऱ्या रंगाचा, म्हणून त्याचं नाव भुऱ्या.

भुऱ्या दिवसभर घरात मोकळा हिंडे आणि झोपायला आपणहून माझ्याकडे येई. समाधानात असला की दात हलकेच घासत बसे. ती बारीक कुरकुर माझ्या फळ्यांना जाणवे. एकदा तो धप्पकन कुशीवर पडला आणि पाय ताणून निजला. बाइंडर ओरडले, "अगं, गेला की हा!"

लेक हसून लोटपोट. "बाबा, झोपलाय तो! आपली भीती वाटत नाही ना, म्हणून असा पडतो."

पण बाइंडरांचं काम पुठ्ठ्यांचं आणि भुऱ्याचे दात सदा वाढते. एका सकाळी त्याने नुकत्याच बांधलेल्या पुस्तकाचा कोपरा कुरतडला. बाइंडरांनी त्याला उचलून माझ्यात कोंबलं, कडी घातली आणि माझ्या वरच्या फळीवर लाकडी पट्टी आपटली. भुऱ्याने मागचा पाय जोरात आपटला. धोका दिसला की ससे तसं करतात.

"बघ, उलट मलाच दम देतोय!" म्हणत त्यांनी पुन्हा पट्टी आपटली.

मग ते रोजचंच झालं. भुऱ्याने पाय आपटणं सोडलं. पट्टी दिसताच तो कान पाठीला चिकटवून, अंग चपटं करून, डोळे विस्फारून बसे. "आला की नाही वठणीवर?" बाइंडर म्हणत. मला मात्र त्याच्या काळजाची धडधड कळे. सुटका झाली की तो माझ्याकडे फिरकत नसे, कपाटाखाली जाऊन बसे. घर म्हणून जन्मलो आणि कोठडी झालो, मित्रांनो. लाकडालाही त्याचं दुःख होतं.

शेवटी भुऱ्याने खाणं सोडलं. सशाचं पोट बंद पडलं की जीवावर बेततं, हे लेकीला ठाऊक होतं. ती कपाटापाशी पालथी पडून गाजराचा पाला आत सरकवत होती.

"नाटकं आहेत सगळी! भूक लागली की खाईल झक मारत," बाइंडर कडाडले. "तू ऊठ आधी, अभ्यासाला बस!"

लेक उठली आणि खांदे आवळून, मान खाली घालून थिजली.

पुस्तकं शिवणाऱ्या आईची सुई थांबली. "अहो, जरा हिच्याकडे बघा. तुम्हाला वाटतं, पोर शहाण्यासारखी ऐकते. नाही हो, घाबरते ती. तोही तसाच घाबरलाय."

बाइंडरांनी पेचकस आणून माझी कडी काढली. मग कपाटापासून दूर, जमिनीवर नुसते बसून राहिले. भुऱ्याला धरायला गेले नाहीत. आईने पाला वाटून त्याचा रस कपाटाखाली हात घालून थेंब थेंब भुऱ्याच्या ओठाला लावला. दुसऱ्या दुपारी भुऱ्या बाहेर आला, बाइंडरांच्या पायाशी थबकला आणि त्याने तिथे ठेवलेल्या पाल्याचं एक पान तोडलं.

पुढे पुठ्ठे भिंतीवरच्या उंच फळीवर गेले आणि कुरतडायला सुक्या काटक्या आल्या. तो पुस्तकाकडे वळला तर बाइंडर हळूच "नको रे" म्हणत आणि काटकी पुढे करत. माझ्याकडे झोपायला यायला मात्र त्याला फार दिवस लागले.

भुऱ्या म्हातारा होऊन माझ्यातल्याच गवतावर शांतपणे गेला. आई डोळे अधू होईपर्यंत पुस्तकं शिवत राहिली. उतारवयात बाइंडर अंथरुणाला खिळले, त्यांची वाचाही गेली. भेटायला येणारे म्हणत, "किती शांत झालेत हो!" मित्रांनो, गप्प बसलेल्याला शांत म्हणण्याआधी त्याच्याकडे नीट बघावं. लेक बघत असे. वडिलांची आवळलेली मूठ दिसली की विचारी, "बाबा, पाठ दुखतेय ना? कूस बदलून देऊ?"

आणि ती मूठ सुटत असे.