सरव्याचं वावर

भुईमूग उपटताना थोड्या शेंगा तुटून मातीत राहतातच. त्या खुरप्यानं उकरून वेचायच्या, त्याला आम्ही सरवा म्हणतो. मालकानं गाडी भरून नेली की मागं वावर बायांचं, कुणाला विचारायची पद्धत नाय. रस्त्याकडंचं वावर निवृत्तीतात्यांचं. त्यांचा बाप महाचिक्कू, बैलाला वैरण बी हात आखडून घालायचा. पण सरव्याच्या बाईला त्यानं कधी हटकलं नाय.

ते वावर तात्यांनी ऐंशी साली मुंबईच्या शेठला विकलं. शेठनं तिथं एका कोपऱ्यात बंगला बांधला, बाकी भुईमूगच ठेवला, भोवती काटेरी तार ओढली, फाटक बसवलं. रखवालीला ठेवला माझा पुतण्या वाल्मीक. खाकी कपडे चढल्यावर गडी सख्ख्या चुलतीला ओळखेना.

पहिल्या साली शेंगा निघाल्या तशा आम्ही बाया तारेखालून आत शिरलो. माझी सून चतुरा बी होती. वाल्मीक शिट्टी फुंकत आला.

"काकू, बाहेर निघा. बाईसाहेब म्हणत्यात चोरी चाललीय."

माझं डोकंच फिरलं. "मेल्या, याच सरव्यावर वाढलास तू. चोर कुणाला म्हणतो?"

आरडाओरडा ऐकून शेठची बायको आली. बाई वाईट नव्हती हो, तीच तर पंचाईत. मी सरव्याचं सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"एवढ्या उन्हात माती कशाला उकरता? रविवारी या. प्रत्येकीला पिशवीभर शेंगा देते."

बाया खूश. मी म्हणले, "बाईसाहेब, पिशवी नको. तेवढं फाटक उघडं ठेवा."

"लाजू नका हो आजी," म्हणली अन् हसली. आता हिला काय सांगावं? लाजत होतं कोण?

रविवारी मी गेले नाय. चतुरा गेली अन् माझ्या वाटणीची पिशवी बी घेऊन आली. मी चिडले. "अगं, सरवा आपला हक्क होता. ही भीक हाय."

ती चुलीपुढं बसून शेंगा भाजत होती. "आत्याबाई, हक्कानं कंबर धरती. पिशवीनं नाय धरत."

तिचं बी खोटं नव्हतं. दिवसभर उकिडवं बसून माती उकरायची, अन् घरी यायची ओटीभर शेंग.

पुढच्या साली बी पिशव्या मिळाल्या. तिसऱ्या साली चतुरा बाळंतीण होती, म्हणून मी गेले. बाया फाटकापाशी उभ्या होत्या. वावर मोकळं झालेलं, माल टेम्पोनं पिंपळगावला गेलेला. वाल्मीक म्हणला, "बाईसाहेब लेकीच्या लग्नासाठी मुंबईला गेल्यात. पिशव्यांचं मला काय बोलल्या नाय." आमची तोंडं बघून त्यालाच कसंतरी झालं. त्यानं फाटक सताड उघडलं. "काकू, तुम्ही सरवा वेचा. मी जेवून येतो."

तो गेला. मातीत वरवर बी शेंगा दिसत होत्या. मी म्हणले, "चला गं."

कुणी हललं नाय. शेजारची चिमणाबाई हळूच म्हणली, "भागुबाई, बाईसाहेबांना न विचारता कसं जायचं?"

मला इतका राग आला तिचा. मी तशीच पुढं झाले अन् एक पाय आत टाकला. तेवढ्यात रस्त्यावरून एक मोटार आली. शेठचीच असंल असं वाटलं. मोटार सरळ नाशिककडं निघून गेली, पण तोवर मी पाय मागं घेतला होता.