काळ्या धुराचा तोरा

मित्रांनो, मी एक जुनं धुरांडं आहे. हल्ली माझ्या तोंडातून काहीच निघत नाही, पण बोलायची हौस काही गेलेली नाही. तेव्हा जरा बसा आणि ऐका.

एका पत्रेवाल्या कारागिराने मला घडवलं. जाड पत्रा वाकवून, कडांना रिबिटं ठोकून त्याने माझे चार तुकडे जोडले. शेवटचं रिबिट बसल्यावर माझ्या पोटावर हातोडीचा दांडा आपटून तो म्हणाला, "वा! खणखणीत झालंय!" मग दोर लावून मला एका लाँड्रीच्या मागच्या अंगणात उभं केलं. खाली लाँड्री, वर मालकीणबाईंचं घर. घराचा लोखंडी जिना माझ्या शेजारीच होता. त्याला आणि मला भिंतीशी धरून ठेवणारी पट्टी एकच होती, त्यामुळे जिन्यावर कुणी पाऊल टाकलं की माझ्या अंगाला कळायचं. जिन्याला पायऱ्या सव्वीस.

आमच्याकडे दवाखान्यांच्या चादरी यायच्या, वसतिगृहांचे पडदे यायचे. त्या धुवायला लागणारी वाफ करणारी कोळशाची भट्टी सांभाळायचे ते भट्टीमामा. ते मालकीणबाईंच्या वडिलांच्या वेळेपासूनचे होते, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मामांची एक सवय होती. सकाळी भट्टी पेटवली की अंगणात यायचे, कमरेवर हात ठेवायचे, मान मागे टाकून माझ्या तोंडाकडे बघायचे. धूर काळाकुट्ट दिसला की खूश! "आता कशी पेटली बघा!" धूर जरा फिका दिसला की लगेच आत धावून आणखी चार फावडी कोळसा टाकायचे. गिऱ्हाइकांनाही पत्ता सांगताना म्हणायचे, "तो काळा धूर दिसतोय ना, सरळ तिकडेच या."

खोटं कशाला बोलू, मला ते चांगलंच चढलं होतं. सगळ्या गल्लीत आपल्याइतकं मोठं कुणी नाही, असं वाटायचं. समोरच्या घरातल्या आजी दोरीवरचे कपडे काळे झाले म्हणून माझ्या नावाने बोटं मोडायच्या. मी म्हणायचं, जळतात झालं माझ्यावर!

मालकीणबाईंच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती एका जागी म्हणून ठरायची नाही. सव्वीस पायऱ्या ती एका दमात चढायची आणि मोठ्याने मोजायची. पण सात वर्षांची झाली तशी ती सतराव्या पायरीवर थांबू लागली. मग बाराव्या. मग नवव्या. कठडा धरून उभी राहायची, आणि तिच्या छातीतली शिट्टी त्या लोखंडी पट्टीतून माझ्यापर्यंत यायची. दम्याची औषधं सुरू झाली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "हिला काही महिने या धुरापासून लांब ठेवा."

भिंगरीला मावशीकडे पाठवायचं ठरलं. निघताना ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, धूर थांबला की मी परत येऊ ना गं?"

 मालकीणबाई नुसत्याच तिच्या वेणीवरून हात फिरवत राहिल्या. आणि मित्रांनो, त्याच क्षणी मी तिच्या डोक्यावर धूर सोडत होतं. आत वाफ हवी होती, मी काय करणार? पण त्या दिवशी पहिल्यांदा मला माझीच लाज वाटली.

मालकीणबाई हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. आठवड्याभरात त्यांनी भट्ट्या तपासणाऱ्या एका इंजिनिअरबाईंना बोलावलं. मला वाटलं, त्या आधी माझ्याकडे बघतील. छे! त्यांनी मान वर केलीच नाही. त्या वाफेच्या नळ्यांच्या बाजूने हळूहळू चालत गेल्या. "इथे वाफ गळतेय. इथेही. आणि या नळ्या उघड्या कशा? तुम्ही कपड्यांना कमी आणि अंगणाला जास्त ऊब देताय."

मामा म्हणाले, "पण बाई, धूर बघा ना केवढा जोरदार!"

"मामा, काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेला कोळसा. तुम्ही घाम गाळून भरता आणि तो वर उडून जातो."

मामा तोंड पाडून भट्टीकडे निघून गेले. खरं सांगायचं तर माझंही तोंड उतरलं होतं.

मग कामं निघाली. गळती बंद झाली, नळ्यांना जाड पांघरुणं चढली. कपडे धुऊन निघालेलं गरम पाणी वाया जायचं, त्याच्या उबेवर आता गार पाणी कोमट होऊ लागलं. गच्चीवर उन्हाने पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्या आल्या. कोळसा निम्म्यावर आला. माझ्या तोंडून इतका विरळ धूर निघू लागला की आजींनी पुन्हा दोरीवर पांढरे कपडे टाकले.

भिंगरीला एक दिवस घरी आणून बघायचं ठरलं. आणि नेमका त्याच सकाळी घोळ झाला. मामा सवयीने अंगणात आले, कमरेवर हात ठेवले, वर पाहिलं. धूर दिसेना! "अरे देवा, भट्टी विझली की काय!" धावत आत जाऊन त्यांनी फावड्यामागून फावडं कोळसा लोटला. मी भसाभसा काळं ओकलं. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. भिंगरी हसत उतरली, पाच पायऱ्या चढली आणि खोकत खाली बसली. आईने तिला उचललं आणि त्याच रिक्षाने परत नेलं.

मामा फावडं टाकून जमिनीवरच बसले. "पोरीला मी परत पाठवली," एवढंच म्हणत राहिले.

बऱ्याच वेळाने ते उठले. भट्टीच्या अंगाला वाफेचा दाब दाखवणारा एक काटा होता. पहिल्या दिवसापासून होता, पण त्याची काच काजळीने माखलेली. मामांनी स्वतःच्या रुमालाने ती पुसली. काटा अगदी जिथे हवा तिथे उभा होता. त्या दिवसापासून मामा काट्याकडे बघू लागले, माझ्याकडे नाही.

पुढे गच्चीवर उन्हापासून वीज करणारे पत्रेही बसले, आणि वाफेसाठी एक छोटा विजेवरचा बॉयलर आला. ढगाळ दिवशी बाहेरून तारेने येणारी वीज थोडी जास्त घ्यावी लागते, पण कोळशाची भट्टी मात्र कायमची निवली. तिच्यात शेवटचा कोळसा मामांनीच टाकला, आणि डोळे पुसले ते धुरामुळे नव्हे.

महिना गेला आणि भिंगरी बॅग घेऊन आली. तिच्या खिशात औषधाचा पंप अजून असतो. शहरात इतर धूर आहेच, तो काही मी एकट्याने थांबून संपणार नाही. पण रात्री ती शांत झोपते, असं मालकीणबाई मामांना सांगताना मी ऐकलं.

मित्रांनो, मला आता भंगारात देणार आहेत. त्याचं मला दुःख नाही. उरलेल्या दिवसांत एवढंच मागणं आहे. कुठे काळा धूर दिसला तर "केवढं मोठं काम चाललंय!" असं म्हणू नका. आत जा, नळ्यांना हात लावा, गळती शोधा, काच पुसून काटा बघा. गच्चीवर ऊन फुकट पडलंय का, तेही विचारा. मी ते फार उशिरा शिकलं, आणि त्या चुकीची शिक्षा भोगली एका लहान मुलीने.

थांबा, शाळा सुटली वाटतं. जिना वाजतोय. नऊ... बारा... सतरा... बाई गं, थांबलीच नाही!

सव्वीस.