गवतातले दोन कान

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी तुम्हाला नुसतं गवतच दिसेल. पिवळं, वाळलेलं, वाऱ्याने एका बाजूला कललेलं. जरा निरखून पाहिलंत की त्या गवतात दोन कान दिसतील. ते माझं मुखपृष्ठ. मी एक जुनं पुस्तक आहे. रानातल्या लांडग्यांमागे हिंडलेल्या एका बाईने मला लिहिलं आणि पनवेलच्या एका वाचनालयात माझं आयुष्य गेलं.

त्या बाईंचं नाव वसुंधराताई. सोलापूरकडच्या माळरानावर त्यांनी उमेदीची वर्षं काढली. धनगरांच्या मेंढरांबरोबर फिरायचं, पावलांचे ठसे शोधायचे, बाभळीखाली बसून दुर्बिणीतून तासन् तास पाहत राहायचं. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. मग त्या नवीन पनवेलला आल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मला लिहू लागल्या. खिडकीबाहेर माळ नव्हता. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी होत्या. त्या वाऱ्यावर हलायला लागल्या की ताईंची लेखणी थांबायची आणि कागदाला गवताचा वास येतोय असं मला वाटायचं.

त्यांची लिहिण्याची तऱ्हा वेगळीच होती. लांडगा जवळ असला की वाक्यं छोटी. श्वास रोखून धरल्यासारखी. तोच लांडगा माळ उतरून दूर निघाला की वाक्य लांबत जायचं आणि तो दिसेनासा होईपर्यंत त्याला पूर्णविराम मिळायचा नाही. ‘लांडगा थांबला की गवत होतो, चालू लागला की पुन्हा लांडगा होतो,’ असं त्यांनी माझ्या पहिल्याच पानावर लिहिलं. बिळाबाहेर उड्या मारणारी पिल्लं त्यांना तव्यावरच्या लाह्यांसारखी दिसली. पण एक पथ्य त्यांनी कधी मोडलं नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. लांडग्याच्या मनात काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नाही, तर ते सांगायचं नाही.

प्रकाशक सत्यजीत यांना हे जरा जड गेलं. ते म्हणाले, “ताई, लांडगा म्हटलं की वाचकाला रक्त हवं, दात हवेत. मुखपृष्ठावर लालभडक जबडा टाकू या.”

“दात आहेत की त्याला,” ताई म्हणाल्या. “पण तो ते दिवसभर दाखवत हिंडत नाही.”

म्हणून माझ्या वाट्याला गवत आलं आणि दोन कान आले.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. कॉलेजची मुलं मला घरी न्यायची. “काय सुरेख लिहिलंय!” म्हणत कुणी माझी वाक्यं उतरवून घ्यायचं. मग हळूहळू मला मागणारे हात कमी झाले. मी वरच्या फळीवर गेलो. दुपारी वाचनालयात पंखा फिरायचा, त्याच्या वाऱ्याने माझी पानं किंचित उचलली जायची आणि मला स्वप्न पडायचं. स्वप्नात माझ्या ओळींमधून लांडगे एकामागून एक चालत निघायचे. आवाज अजिबात नाही. शेवटचा लांडगा समासापाशी थांबून मागे पाहायचा. जाग आली की अंगावर नुसती धूळ असायची.

त्या धुळीतून मला मनस्वीने उचललं. पनवेलजवळच्या विचुंबे गावची, सातवीतली मुलगी. वाचन सुधारावं म्हणून क्लासच्या बाईंनी तिला रोज मोठ्याने वाचायला सांगितलं होतं. तिला ते दोन कान आवडले आणि मी तिच्या घरी गेलो.

तिचे वडील हरेश. गावचेच. बापजाद्यांची भातशेती होती, आता ते बांधकामाचं सामान विकत. संध्याकाळी ते झोपाळ्यावर चहा पीत बसायचे आणि मनस्वी पायरीवर बसून मला वाचायची.

“काय गो बाय, लांडग्यांचं वाचून काय करायचंय आपल्याला?” पहिल्या दिवशी ते हसले.

पण चौथ्या-पाचव्या दिवशी ती वाचता वाचता थांबली, तर कपातला चहा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “मंग? त्या म्हाताऱ्या मादीचं काय झालं?”

त्यानंतर झोपाळ्याची करकर बंद झाली. मी वाचला जात असताना ते झोपाळा हलू देत नसत.

एका संध्याकाळी मनस्वीला क्लासहून घेऊन हरेशभाऊंचा टेम्पो घरी येत होता. मी तिच्या दप्तरात होतो. गावाच्या कडेला एका अर्धवट इमारतीपाशी गर्दी जमली होती. पाण्याच्या टाकीसाठी खणलेल्या खड्ड्यात एक जनावर पडलं होतं. “लांडगा! लांडगा पडलाय!” असा ओरडा चालला होता. कुणाच्या हातात काठ्या होत्या, कुणाच्या हातात विटांचे तुकडे, कुणी मोबाइल धरून उभे.

मनस्वी वाट काढत पुढे गेली. “पप्पा, लांडगा नाय हा. कोल्हा हाय!”

“कोल्हा असू दे नाहीतर लांडगा,” शेजारचा एक माणूस म्हणाला. “उद्या आमच्या मुलांना चावला तर? दात बघ कसे काढतोय!”

तेवढ्यात एक वीट खड्ड्यात गेली आणि आतून केकाटल्याचा आवाज आला. मनस्वीने मला दप्तरातून ओढून काढलं. ती मोठ्याने वाचू लागली, पण कोण ऐकतो? कुणाचा तरी धक्का लागला, मी तिच्या हातून निसटलो आणि चपलांखाली गेलो. माझी शिवण उसवली. एक पान सुटून खड्ड्यातल्या गढूळ पाण्यात पडलेलं मी पाहिलं.

मग हरेशभाऊ वाळूच्या ढिगावर चढले.

“आरं, थांबा!” त्यांचा आवाज घुमला. “त्याला पाठीमागं सरकायला जागा नाय, म्हणून दात दाखवतोय तो! तुमाला कोपऱ्यात धरून कोणी विटा मारल्या, तं तुमी काय हसत ऱ्हाल?”

काठ्या खाली आल्या. एकदम नव्हे, एकेक करून.

त्यांनी वनखात्याला फोन लावला. ‘आम्ही निघतो, तोवर खड्ड्यात फळी लावा आणि सगळे लांब जा,’ असं तिकडून सांगितलं गेलं. हरेशभाऊंनी टेम्पोतली लांब फळी आणून तिरकी सोडली आणि सगळ्यांना रस्त्यापलीकडे नेलं. मनस्वीलाही त्यांनी हाताला धरून नेलं. धूळ खात मी तिथेच राहिलो, खड्ड्याच्या काठावर, उघडा.

मित्रांनो, आयुष्यभर माझ्या पोटात लांडगे होते, पण रानातला जीव मी कधी पाहिला नव्हता. सूर्य खाली गेला होता. उजेड मधासारखा झाला होता. फळीवर नखांचा बारीक आवाज आला. आधी नाक दिसलं, मग कपाळ, मग ओलं, कापणारं अंग. तो माझ्यापाशी थांबला. त्याने मला हुंगलं. त्याचा ऊन ऊन श्वास माझ्या शब्दांवरून गेला. मग एक पाय जरा उचलत तो गाढी नदीकडच्या झुडपांत शिरला. झुडूप हललं आणि थांबलं.

वाचनालयात मला पाहून तिथल्या बाईंनी मान हलवली. “पान गेलंय. नवी प्रतही मिळत नाही आता. हे रद्दीतच घालावं लागेल.” मनस्वी रडू लागली. तेव्हा हरेशभाऊंनी प्रकाशकांकडून पत्ता मिळवला आणि एका रविवारी आम्ही तिघं वसुंधराताईंच्या दारात उभे राहिलो.

ताईंचे केस पांढरे झाले होते. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि तळहाताने माझी धूळ पुसली. त्यांच्याजवळच्या प्रती केव्हाच वाटून संपल्या होत्या.

“त्या पानावर म्हाताऱ्या मादीचं शेवटचं चालणं होतं,” त्या म्हणाल्या. “पण शब्द आठवत नाहीत बघ. माझेच शब्द.”

हरेशभाऊ खुर्चीच्या कडेला अवघडून बसले होते. “मला आठवतंय थोडं. पोरीनं दोनदा वाचलेलं. पण तुमच्यासारखं नाय सांगता यायचं.”

“तुमच्यासारखंच सांगा.”

त्यांनी घसा साफ केला. “म्हातारी सगळ्यांच्या मागं ऱ्हायली. पुढची सगळी थांबली. कोणी वळून नाय बघितलं, कोणी आवाज नाय दिला. नुसती वाऱ्याकडं तोंड करून उभी ऱ्हायली, जशी काय वासच घेत हायत. म्हणजे तिला वाटू नये, का आपल्यासाठी थांबलीत.”

ताईंनी चष्मा काढला.

“हे शेवटचं वाक्य मी लिहिलं नव्हतं.”

“नव्हतं?” हरेशभाऊ गोंधळले. “मी तं असंच ऐकलं.”

“लांडग्याच्या मनातलं मी कधीच लिहिलं नाही हो.” ताई खिडकीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी कोरा कागद ओढला. “पण हे राहू दे. पुन्हा सांगा, सावकाश.”

त्यांनी ते हरेशभाऊंच्या बोलीत, जसंच्या तसं लिहिलं आणि माझ्यात चिकटवलं. मनस्वीने माझी शिवण घातली.

आता मी पुन्हा फळीवर आहे, यावेळी हाताला येईल अशा ठिकाणी. मित्रांनो, मला न्या, पण माझी पानं दुमडू नका, ओल्या हातांनी धरू नका. आणि एक मागणं आहे. एखाद्या मुक्या जिवाला नाव ठेवण्याआधी जरा थांबा आणि त्याच्याकडे नीट पाहा. दगड नंतर उचलला जातो, आधी शब्द उचललेला असतो. तो हलक्या हाताने उचला.