दुबईला विचारा

हव्वाबी शारजाला आली ती मुलाचा संसार बघायला नव्हे, भांडायला. मुनीरला ते विमानतळावरच कळलं. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली, तिला गाडीत बसवलं, आणि नातवंडांची चौकशी करायचं सोडून तिने विचारलं, "कमिटी कधी बसते?"

कमिटी म्हणजे कुठली, हे विचारायची गरज नव्हती. खारवण्याच्या माणसाला कमिटी एकच.

खारवणे हे कोकणातलं खाडीकाठचं गाव. घराघरातला कमावता पुरुष आखातात, त्यामुळे गावाचा कारभारही हळूहळू तिकडेच गेला. अब्बास चौगुले आणि त्याच्या मर्जीतले सहा जण मिळून 'खारवणे वेल्फेअर कमिटी' चालवत. त्यांना कुणी निवडलं होतं हे आता कुणाला आठवत नव्हतं. मशिदीला रंग कोणता द्यायचा, शाळेत मास्तर कोण ठेवायचा, लग्नात किती ताटं उठवायची, सगळं तिकडून ठरून यायचं. गेल्या वर्षी जमातीचा हॉल बांधायचं ठरलं, आणि हॉलच्या कंपाउंडमध्ये खाडीवर उतरणारी पाखाडी गेली.

ती जांभ्या दगडाची पायऱ्यांची वाट बायकांची होती. खाडीतल्या तिसऱ्या, शिंपल्या काढायला, पलीकडच्या बाजाराची होडी पकडायला, दवाखान्यात जायला तीच एक वाट. भिंत उठली आणि सगळ्यांना अख्ख्या टेकडीला वळसा पडला. ऑगस्टमध्ये हव्वाबीची जाऊ जैनबी सकाळी चूल पेटवता पेटवता अर्धांगाचा झटका येऊन कोसळली. तिला खुर्चीत बसवून रस्त्याने नेलं, तोवर होडी सुटली होती. दुसरी येईपर्यंत तिचा उजवा हात गेला तो गेलाच. हव्वाबीने गावातल्या एकेका म्हाताऱ्याला गाठून भिंतीबद्दल विचारलं. प्रत्येकाने मान खाली घालून एकच सांगितलं, दुबईला विचारा. गावाला अख्खं आखात म्हणजे दुबईच.

म्हणून ती विचारायला आली होती.

मुनीरची पंचाईत वेगळी होती. जबल अलीच्या ज्या कंपनीत तो स्टोअरकीपर होता, तिथेच चौगुले ॲडमिन मॅनेजर. निम्मं खारवणे त्याच कंपनीत, त्याच कंपनीच्या कॅम्पमध्ये. व्हिसा काढायचा, रिन्यू करायचा तो चौगुलेच्या टेबलावरून. मुनीरला फॅमिली व्हिसा मिळाला तोही त्याच्याच कृपेने. "अम्मा, त्याच्या तोंडी लागू नकोस," मुनीर रोज सांगे. सून जहांआरा काही सांगत नसे, पण भांडी जरा जोरात आपटत असे.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर शारजात चौगुलेच्या फ्लॅटवर कमिटी बसायची. मुनीरने आईला आणि जहांआराला खाली सोडलं आणि स्वतः गाडीतच बसून राहिला. चौगुलेने दारातच आदराने सलाम केला, गावाची खुशाली विचारली आणि हव्वाबीला आत बायकांत जाऊन बसायला सांगितलं, जेवण लागतंय म्हणाला. ती आत गेलीच नाही. पुरुष बसले होते तिथेच सोफ्याजवळ उभी राहिली.

"पाखाडी कुणाला विचारून बंद केलीत?" तिने विचारलं.

चौगुले हसला. प्रोजेक्ट कमिटीने अप्रूव्ह केलाय, प्लॅन पास झालाय, असं बरंच ऑफिसातल्यासारखं त्याने सांगितलं. गावाची काही हरकत असेल तर गावातल्या जमातीने कळवावं, म्हणाला.

"गावातले म्हणतात दुबईला विचारा."

"मग विचारलंत ना भाभी. खलास."

सोफ्यावरचे सहाही जण हसले. हव्वाबी हलली नाही. तिने जैनबीच्या हाताचं सांगायला सुरुवात केली, तसा चौगुलेचा चेहरा बदलला. आवाज मात्र तसाच मऊ ठेवून तो म्हणाला, "तुमचा व्हिजिट व्हिसा कुणाच्या सहीने निघाला, ते मुनीरने सांगितलेलं दिसत नाही."

दस्तरखानावर बिर्याणीचं ताट आलं. जहांआराने सासूचा दंड धरला आणि तिला खाली आणलं.

घरी पोचल्यावर मुनीरच्या मनात साठलेलं सगळं बाहेर पडलं. दोन महिन्यांनी तू निघून जाशील, आम्हाला इथे राहायचंय, असं तो म्हणाला. पोरांची शाळा, घराचं भाडं, सगळं त्या माणसाच्या हातात आहे, हे तुला कळत कसं नाही, असंही म्हणाला. हव्वाबीने ऐकून घेतलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि सुनेला म्हणाली, "मला गावचा बूथ लावून दे."

जहांआराने नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. तिची स्वतःची आई त्याच गावात, त्याच वळशाच्या रस्त्यावर राहत होती. तिने फोन लावला.

खारवण्यात फोनचा बूथ एकच होता आणि तो सकीना चालवायची. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी कॅम्पमधली माणसं कार्ड घेऊन फोनच्या रांगेत लागत आणि एकेक करून गावाला फोन करत. गावात बायका सकाळपासून बूथच्या बाकावर बसून असत. जिचं नाव पुकारलं जाईल तिने उठायचं. हव्वाबीने सकीनाला सांगितलं ते फार नव्हतं. पुढच्या शुक्रवारी बायकांनी बाकावर बसावं, पण फोन घेऊ नये. नवऱ्याने चौगुलेकडे जाऊन पाखाडी मागितली, की मग घ्यावा.

हे जमेल असं हव्वाबीला स्वतःलाही वाटत नव्हतं. तिकडे नव्या लग्नाच्या मुली होत्या, आठवडाभर त्या एका फोनवर जगणाऱ्या. पण जैनबीला सगळ्यांनी खुर्चीत पाहिलं होतं.

शुक्रवारी दुपारी मुनीरच्या घरचा फोन वाजू लागला तो थांबेना. कॅम्पमधून एकेक जण हव्वाबीला फोनवर बोलावून घेत होता. चाची, तुम्ही आमची घरं फोडताय. चाची, आम्ही गरीब माणसं, आम्हाला कशाला मध्ये ओढता. एकाने तर शिवीच दिली आणि मग माफी मागितली. हव्वाबी सगळ्यांना तेच उत्तर देई: चौगुलेकडे जा, पाखाडी मागा, मग बायको फोनवर येईल. पुढच्या शुक्रवारीही बायका बाकावर बसल्या आणि उठल्या नाहीत. मध्ये मंगळवारी चौगुलेने मुनीरला केबिनमध्ये बोलावून, उभंच ठेवून, आईला आवर म्हणून बजावलं. त्या दिवसापासून मुनीर आईशी बोलेनासा झाला. तो घरी आला की ती बाल्कनीत जाऊन बसे.

तिसऱ्या शुक्रवारी कॅम्पमधले पुरुष चौगुलेकडे आले. पिकअपमधून आले, कंपनीच्या बसमधून आले, चाळीसेक माणसं असावीत. चौगुलेच्या फ्लॅटच्या पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडला. हव्वाबी आणि जहांआरा आधीच येऊन बसल्या होत्या. आत येणारा जो तो हव्वाबीकडे रागाने बघत होता, सलामही कुणी केला नाही. तिच्या बाजूने आलोय असं कुणाच्याच तोंडावर नव्हतं.

चौगुले उभा राहिला. हा देश कुठला आहे ते विसरू नका, म्हणाला. "परवानगीशिवाय गर्दी जमवणं इथे गुन्हा आहे. मी एक फोन केला तर सगळे उद्या विमानात बसाल."

"करा," हव्वाबी म्हणाली. "घर तुमचं आहे. पोलीस आधी तुम्हालाच विचारतील, बोलावलं कुणी म्हणून."

त्याने फोनकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

मग दाऊद पुढे आला. तो साइटवर बांधकामाच्या परांच्या बांधायचा, हाताला कायम पट्ट्या. गावाला त्याला पहिली मुलगी झाली होती आणि तिचा आवाज त्याने अजून ऐकला नव्हता. दोन शुक्रवार वाया गेले होते. त्याने आधी हव्वाबीकडे बोट केलं. "साहेब, आम्ही या बाईमुळे आलोय. भांडायला नाही आलो. तेवढी पाखाडी उघडा आणि आमची सुटका करा."

चौगुलेने सुस्कारा टाकला. दाऊद, तुला प्लॅनमधलं काय कळतं, असं काहीतरी तो पुटपुटला आणि हात हलवून त्याने त्याला मागे व्हायला सांगितलं. माशी हाकलावी तसा तो हात हलला.

दाऊद मागे झाला नाही. "प्लॅनमधलं कळत नाही," तो म्हणाला. "पण आता आलोच आहे तर विचारतो. तुम्हाला निवडलं कुणी?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. पाठीमागून दुसऱ्याने विचारला, मग तिसऱ्याने. हव्वाबीवरचा राग आता दुसरीकडे वळला होता आणि चौगुलेवरचा हा राग तिच्यावरच्या रागापेक्षा कितीतरी जुना होता. रिन्यूअलसाठी कुणाला किती ताटकळत ठेवलं, कुणाच्या बापाच्या मयतीला सुट्टी नाकारली, सगळं निघालं. चौगुले जमातीच्या इज्जतीबद्दल बोलू लागला, पण ऐकायला कुणी गप्प बसेना. शेवटी हात वर करून ठरवू, असं दाऊद म्हणाला. भिंत फोडायची का, आणि कमिटी दर दोन वर्षांनी नव्याने निवडायची का. सोफ्यावरच्या सहांपैकी पहिला हात वर केला तो चौगुलेच्या सख्ख्या मेहुण्याने. त्याचीही बायको दोन शुक्रवार फोनवर आली नव्हती.

महिन्याभरात गावाकडून सकीनाचा निरोप आला. भिंतीला दार पाडलं होतं, पाखाडी खुली झाली होती. नवी कमिटीही झाली. तिच्यात जुन्या सातांपैकी तिघे पुन्हा आले. गावातल्या दोन बायका घ्याव्यात असं हव्वाबीने सुचवलं होतं. त्यावर पुढे बघू, इन्शाल्ला, असं उत्तर मिळालं.

पण चौगुलेचं टेबल जागेवरच होतं. दाऊदचा व्हिसा रिन्यू झाला नाही, तो परत गेला. त्याच्याबरोबर आणखी एक जण गेला. मुनीरची बदली खोर फक्कानच्या यार्डात झाली. राहायला पोर्टाकेबिन, घरी यायचं पंधरा दिवसांतून एकदा. जाताना तो मुलांना भेटला, बायकोला भेटला. आईच्या खोलीचं दार उघडं होतं, तिकडे त्याने पाहिलं नाही.

हव्वाबीचा व्हिसा संपत आला तेव्हा ती जहांआराला घेऊन खोर फक्कानला गेली. डोंगरातून घाट उतरणाऱ्या शेअर टॅक्सीत तिने जेवणाचा डबा मांडीवर धरला होता. यार्डाच्या फाटकावरून आत निरोप पाठवला. बऱ्याच वेळाने मुनीर कंटेनरच्या रांगेतून बाहेर आला. उन्हाने काळवंडला होता.

"मिळाली ना पाखाडी? आता काय मागायला आलीस?"

"काही नाही. जेवण आणलंय."

फाटकाशेजारी सावलीला एक लाकडी पॅलेट पडलं होतं, त्यावर तो बसला आणि डबा उघडून खाली मान घालून जेवू लागला. भूक लागलेली दिसत होती. जहांआरा पाणी आणायला गेली तेव्हा तो म्हणाला, "दाऊदच्या घरी काय सांगणार आहेस?"

"माझ्यामुळे तो परत आला, तेच सांगेन."

"त्याची बायको तुला दारात उभं करणार नाही."

"मग बाहेर उभी राहीन."

मुनीरने डबा पुसून घेतला, झाकण लावून तिच्या पुढ्यात ठेवला. आत कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारली. तो उठला, जहांआराने आणलेल्या पाण्याने हात धुतले, आणि मान न वळवता फाटकातून आत गेला. हव्वाबी तो कंटेनरच्या आड होईपर्यंत बघत राहिली. मग तिने डबा पिशवीत घातला आणि टॅक्सीवाल्याला खूण केली.